तुझ्या आरोळीचा शेवट

आये, गेल्या महिन्यात मी तुझी मासळी विकायची आरोळी रेकॉर्ड केली. ठरवून नाही केली. गाता गाता तोंडातून निघाली, आणि निघाली ती यंत्रात जाऊन बसली. आता ती लोकांच्या फोनवर जाईल, गाडीत वाजेल, कुणीतरी भांडी घासताना लावेल. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी आधी तुला विचारायला हवं होतं असं सारखं वाटतंय. म्हणून हे लिहायला बसले. सांगायचं थोडंच आहे, पण ते थोडंच इतकी वर्षं घशात अडकलेलं आहे.

तुझ्या लेखी माझं गाणं म्हणजे आरडाओरडा. ते काही खोटं नव्हतं. पंचवीस वर्षं मी तेच केलं. काळे कपडे, कानठळ्या बसवणारे ड्रम, आणि पुढे उभी राहून ओरडणारी मी. लोकांना आवडलं, नाव झालं, पोट भरलं. आता गळा पूर्वीसारखा वर चढत नाही. हे मी बाहेर सांगत नाही; बाहेर सांगते की जुन्या सोल गाण्यांवर माझं पहिल्यापासून प्रेम, म्हणून त्यांचा अल्बम करतेय. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांची माझ्या जन्माच्या आसपासची गाणी. गळे चर्चमध्ये गाऊन तयार झालेले, आणि गाणी मात्र सोडून गेलेल्या माणसांची. तुला ती ठाऊक आहेत. शेजारच्या घरातला खलाशी कुठल्या तरी बंदरातून एक कॅसेट घेऊन आला होता, ती मी त्याला परत दिलीच नाही, आठवतं? आपल्या पडवीत मी ती लावलेली, तू समोर विळीवर बोंबील साफ करत बसलेली. बाई गात होती, शेवटाला एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. तू हात थांबवलास आणि विचारलंस, "कोनाला हाक मारते गो ती?"

"कुणाला नाही. गाणं आहे ते."

"कोनाला तरी मारते. आनि तो येत नाय," तू म्हणालीस आणि पुढचा बोंबील उचललास. मला तेव्हा हसू आलं. चर्चच्या प्रार्थनेपलीकडे एक गाणं तुला येत नव्हतं, इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, आणि चालली होती मला समजवायला. मी कॅसेट बंद करून आत गेले. त्या वयात मला राग यायला कारण लागत नसे, आताही फारसं लागत नाही.

रेकॉर्डिंग सातिवलीला चाललंय. तिथे एका औद्योगिक इमारतीत वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात एकाने स्टुडिओ काढलाय. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे, विरारचा आहे, मला ताई म्हणतो आणि माझ्या रागाला भीक घालत नाही. खालच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनतात. साचा बंद झाला की धप्, उघडला की धप्. भिंतींना कितीही गाद्या ठोकल्या तरी ती धपधप माइकमध्ये येतेच. म्हणून आम्ही बाकीची कामं दिवसभर करतो आणि गळा मात्र खाली जेवणाची सुट्टी झाली की. पाऊण तास मिळतो. खाली डबे उघडतात आणि वर मी तोंड उघडते. गेल्या महिन्यात शेवटचं गाणं राहिलं होतं, सगळ्यात अवघड. चार दिवस, चार जेवणाच्या सुट्ट्या, आणि काही केल्या बसेना. सूर बरोबर, ताल बरोबर, आणि ऐकलं की मेलेलं. पाचव्या दिवशी तो काचेपलीकडून म्हणाला, "ताई, एक बोलू? तू परफेक्ट गातेयस, पण तू कोणाला बोलवतच नाहीयेस. हे गाणं म्हणजे कोणीतरी चाललंय आणि तू त्याला मागून हाक मारतेयस. मार ना हाक."

मला तू आठवलीस. तुझ्या हातातला बोंबीलसुद्धा आठवला. मी डोळे मिटले आणि गायले, आणि गाण्याच्या शेवटी, जिथे तो एकच शब्द घोळवत न्यायचा असतो, तिथे शब्द सुटला आणि तुझी आरोळी आली. म्हावरंऽऽ घ्या गोऽऽ. शब्द नव्हते, नुसती चाल. "म्हावरं"चा तो लांब चढ, मध्ये दम घेतल्यासारखी खाच, आणि मग "गो", तो वर गेला आणि टोकाला फाटला. मी डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडे तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला होता. आत येऊन म्हणाला, "अंगावर काटा आला यार. हे कुठून आलं?"

मी म्हटलं, "असंच आलं."

बघ आये, पन्नाशीला आलेय, तू मातीत आहेस, लपवायला आता काही उरलेलं नाही, आणि तरी माझ्या तोंडातून पहिलं हेच निघालं. असंच आलं. त्यानंतर ते गाणं त्याने चार जणांना ऐकवलं. प्रत्येकजण शेवटाला येऊन थांबतो. हेच गाणं सगळ्यात पहिलं ठेवायचं असं ठरलं. मला फोन येतात, काय आवाज लावलायस म्हणून, आणि मी थँक्यू म्हणते. घरी आले की मात्र जेवण जात नाही.

जात नाही, कारण ती आरोळी मी पहिल्यांदा माइकवर केली ती काही परवा नाही. तो रविवार तुला आठवत असेल, की तू तो विसरून गेली होतीस? विसरली असलीस तर बरंच आहे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचा बँड वसईत एका नव्या सोसायटीत सराव करायचा. ड्रम वाजवणाऱ्याचा फ्लॅट, तिसरा मजला, रविवारी त्याचे आईवडील बाहेर. चार मुलगे आणि मी. मी पाचूबंदरची हे त्यांना माहीत होतं, पण बाबा बोटीवर असतात एवढंच मी सांगितलं होतं. त्यांना मोठं जहाज वाटलं, आणि मी वाटू दिलं. तुझ्या मासळीच्या पाटीचा विषय मी काढलाच नव्हता. आता हे मला माहीत होतं की त्या सोसायटीची गल्ली तुझी आहे. म्हावरेवाल्या बायकांत प्रत्येकीची गल्ली ठरलेली, एकीच्या गल्लीत दुसरी आरोळी देणार नाही, मग पाटीत मासळी नासली तरी चालेल. तू ती गल्ली बिल्डिंगला रंगही लागला नव्हता तेव्हापासून धरलेली, आणि रविवार म्हणजे तुझा खरा धंद्याचा दिवस. पण तू सकाळी लवकर तिकडून जायचीस आणि आमचा सराव अकराला, म्हणून माझं निभावून जायचं. त्या दिवशी बंदरावर मासळीच्या लिलावाला उशीर झाला असेल. साडेअकराला खालून तुझी आरोळी आली.

गिटारवाल्याने हसत माइक उचलला आणि तुझी नक्कल केली. वाईट केली. सगळे हसले. दुसऱ्याने केली, तीही वाईट. खरं सांगते, मला राग आला तो त्यांना नीट जमत नाही याचा. मी माइक घेतला. मी तुझ्या पोटात असल्यापासून ती ऐकलेली, मला जमणारच होती. म्हावरंऽऽ घ्या गोऽऽ. आणि शेवटचा "गो" मी वर नेला, मुद्दाम, कोंबड्यासारखा फाडला. तुझा तसा नव्हता, पण तसा केल्यावर मुलं लोळायला लागली. खिडक्या उघड्या होत्या. स्पीकर तेव्हाच नवा आणलेला, मोठा. खाली तुझी दुसरी आरोळी अर्ध्यावर आली होती, ती तिथेच थांबली.

मी खिडकीशी गेले नाही. नंतर पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की तू पुढे निघून गेली असशील, रिक्षाच्या आवाजात ऐकू आलं नसेल, आलं असलं तरी कुणाचा आवाज ते कळलं नसेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. संध्याकाळी घरी आले तर तू नेहमीसारखीच होतीस. ताट वाढलंस. माझ्या आवडीची मांदेली तळलेली होती. मी मान खाली घालून जेवत होते तर तू पाणी पुढे सरकवत म्हणालीस, "गला सांभाल. शेवटाला वर न्हेऊ नको, फाटतो तुजा."

तेवढंच. त्यापलीकडे एक शब्द नाही, ना त्या दिवशी, ना मरेपर्यंत. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "तुला काय कळतं गाण्यातलं?" तू हो म्हणालीस. "खरंच, मना काय कलते?" असं म्हणून उठलीस आणि तवा घासायला घेतलास. तेव्हाच मला कळलं होतं की तू ऐकलं होतंस. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय, पण कळलं तेव्हाच होतं.

त्या रविवारनंतर त्या गल्लीत तुझी आरोळी कधी ऐकू आली नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. वाटलं, तू गल्ली सोडलीस, बरं झालं, वसईत काय गल्ल्यांना तोटा आहे. वर्षभराने तुझी शेजारीण, जिला मी मावशी म्हणते, ती तिथे जायला लागली. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. त्याच सुमारास तुझे गुडघे धरले. रात्रंदिवस तेल चोळायचीस. मी म्हणायचे, चर्चमध्ये गुडघे टेकून टेकून झालं असेल, आणि तू हसायचीस.

आता गाणं पुढे ठेवायचं ठरल्यावर मला राहवेना. गेल्या रविवारी मावशीकडे गेले. ती थकली आहे गं, पण हात तसेच चालतात. दाराशी बसून कोलंबी सोलत होती. मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते, तब्येत कशी, सून कशी, बंदरावर हल्ली काय मिळतं, आणि ती एकेक कोलंबी सोलत माझ्याकडे बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "काय ते बोल ना पोरी. तू काय माजी तब्येत विचाराला नाय आली."

मी फोनवर ते गाणं लावलं. शेवट आला तशी तिने सोललेली कोलंबी भांड्यात टाकली नाही, हातातच धरून ठेवली. मग म्हणाली, "तुज्या आयची आरोली."

"हो."

"पन ही शेपटी तिची नाय. तिचा गो खाली जायाचा. पाटी कशी उतरवतो आपन, हलूच, तसा. हा वर चरलाय." आणि तिने करून दाखवायला तोंड उघडलं, पण तिचा गळा आता चालत नाही, नुसता श्वास आला. हाताने तेवढं दाखवलं, वरून खाली. "तू शिकली कोनाकडे ही?"

मी कुणाकडे शिकले ते तिला सांगितलं. सगळं सांगितलं, माइक, खिडकी, मुलं. मला वाटलं होतं ती शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "ठाव हाय मना. तिनंच सांगितलं." आणि मग तिने मला जे सांगितलं ते तू मला कधीच सांगणार नव्हतीस. तू गल्ली सोडली नव्हतीस. त्या रविवारनंतर वर्षभर तू त्याच गल्लीत येत होतीस, फक्त आरोळी देत नव्हतीस. आरोळी नाही तर गिऱ्हाईक खाली कसं उतरणार, म्हणून तू पाटी डोक्यावर घेऊन जिने चढत होतीस. दोन बिल्डिंगा, चार-चार मजले, एकेक दार वाजवून. एक दार सोडून. दारोदार करता करता तुला अकरा उलटत, आणि मी वर गात असताना तू जिन्यावर होतीस. आम्ही दार लावून घेत असू आवाजासाठी, आणि तू त्या दारावरून पाटी घेऊन पुढच्या मजल्यावर जात होतीस.

"मी बोलले तिला, आगो येडी काय तू, आरोली दे ना खालशी," मावशी म्हणाली. "तर बोलते, माजी पोर गाते वर. माजा आवाज तिच्या आड येते." मग गुडघे संपले तेव्हा तू तिला गल्ली दिलीस. आपल्यात गल्ली देताना दोघी एकत्र फिरतात, दोघी मिळून आरोळी देतात, म्हणजे गिऱ्हाइकाला कळतं. मावशी म्हणाली, सगळ्या गल्ल्यांत दोघींनी आरोळी दिली, पण त्या सोसायटीच्या गेटपाशी तू तिचा हात धरलास आणि सांगितलंस, हितं हलू दे. मावशीने मग पुढची किती वर्षं, आम्ही तो सराव सोडून मुंबईला गेल्यावरही, त्या गल्लीत आरोळी हळूच दिली. कुणी तिला सांगितलंच नाही की आता ती पोर तिथे गात नाही.

मी तिथून कशी निघाले ते आठवत नाही. मला स्वतःची लाज वाटली म्हणावं तर लाज हा फार लहान शब्द आहे. पण त्याहून एक वेगळीच गोष्ट डोक्यात बसली. रस्ताभर मी तुझी आरोळी आठवून बघत होते, तुझी, शेवटाला खाली उतरणारी, आणि मला ती ऐकूच येत नव्हती. दर वेळी माझीच यायची. वर जाणारी, फाटणारी. तू रोज सकाळी ओरडलीस, माझ्या जन्माआधीपासून, आणि माझ्याकडे शिल्लक काय राहिलं, तर मुलांना हसवायला मी एकदा केलेली नक्कल. ती आता लोकांच्या अंगावर काटा आणते.

दुसऱ्या दिवशी मी सातिवलीला गेले आणि स्टुडिओवाल्याला म्हटलं, ते शेवटचं पुन्हा करायचं. तो म्हणाला, "वेडी झालीस का, त्याला हात लावायचा नाही." मी त्याला खरं सांगितलं, तुझं, गल्लीचं, सगळं. त्याने हेडफोन माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला चल. खाली जेवणाची सुट्टी झाली, धपधप थांबली. मी मावशीचा हात डोळ्यांसमोर आणला, वरून खाली, आणि गायले. तीनदा करावं लागलं. तिसऱ्यांदा "गो" खाली आला, हळूच, पाटी उतरावी तसा. आये, तुझा होता की नाही ते मी छातीठोक सांगणार नाही, पण मावशीने हाताने दाखवला तसा होता. मी तिथेच खाली बसले आणि रडले. खाली सुट्टी संपली, साचा सुरू झाला, आणि तो धपधपीत हेडफोन लावून दोन्ही ऐकत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "ही खरी आहे. कळतंय. पण ती पहिली लागते." त्याने छातीवर बोट ठेवलं. "ही ऐकली की माणूस म्हणेल, छान. पहिली ऐकली की थांबेल. तू सांग. तुझी आई आहे." मी दोन्ही ऐकल्या. चार-पाच वेळा ऐकल्या. तो बरोबर होता. पंचवीस वर्षं हाच धंदा केलाय, मला कळतं कुठली लागते. तू म्हणाली होतीस तसा गळा शेवटाला फाटतो, आणि लोकांना तेच फाटणं हवं असतं.

तेव्हा तो म्हणाला, निदान आईंचं नाव तरी लिहू, आरोळी यांची म्हणून. आता अल्बमवर तुझं नाव छापून येईल, पूर्ण नाव, वसईच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला दिलेलं. ज्या बाईने हळू दे म्हणून दुसरीचा हात धरला, तिच्या नावाने मी फाडलेली आरोळी.

मृतांच्या दिवशी तुझ्या कबरीवर मेणबत्ती लावायला येईन तेव्हा हे पत्र बरोबर आणायचं, फुलांखाली ठेवायचं, असं सुरुवातीला मनात होतं. आणणार नाही. आणलं तर शेवटपर्यंत वाचावं लागेल, आणि शेवट हा आहे की मी पहिलीच ठेवली.